आधी शोधा, मग बदला : नावबदल आणि सेटिंगच्या फाइली

३१ मे २०२३ रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या जयंतीला, जामखेड तालुक्यातल्या चौंडी या त्यांच्या जन्मगावी अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. त्यानंतर पाट्या रंगवल्या गेल्या, शिक्के नवे आले, लेटरहेड पुन्हा छापले गेले. हे सगळे डोळ्यांना दिसते. संगणकांच्या पोटात मात्र जिल्ह्याचे जुने नाव हजारो फाइलींत विखुरलेले असते: पावती छापणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, शाळेच्या दाखल्याच्या नमुन्यात, पतसंस्थेच्या शाखांच्या यादीत, संकेतस्थळाच्या तळटीपेत. एकेक फाइल उघडून, हाताने नाव खोडून नवे लिहिण्यात दिवस जातात आणि तरी कुठेतरी एखादे राहतेच.

या कामासाठी संगणकशास्त्रात पन्नास वर्षांपासून एक उत्तम हत्यार आहे: मजकुराचा नमुना सांगायचा आणि त्या नमुन्यात बसणारा मजकूर एका आज्ञेने बदलायचा. हत्यार धारदार आहे, म्हणून ते नीट धरायला शिकले पाहिजे. श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या काठचे बेलापूर हे गाव त्यासाठी अतिशय चांगले उदाहरण आहे, कारण नावांच्या बाबतीत जितके घोटाळे शक्य आहेत तितके या एका नावाभोवती जमले आहेत.

सेटिंगची फाइल

बहुतेक सर्व्हर-प्रोग्रॅम आपल्या सवयी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतात. कोणत्या पोर्टवर ऐकायचे, माहिती कुठे साठवायची, भाषा कोणती, छापायचे नाव काय, हे सारे तिथे असते. डावीकडे नाव, मध्ये समान चिन्ह, उजवीकडे किंमत, अशी त्यातली एकेक ओळ. ज्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह असते ती ओळ प्रोग्रॅम सहसा वाचत नाही; ती माणसांसाठीची टीप असते किंवा तात्पुरती बंद ठेवलेली सेटिंग. समजा, एखाद्या संस्थेच्या बेलापूर शाखेतल्या संगणकावर अशी फाइल आहे:

# शाखेची माहिती
शाखा=बेलापूर
तालुका=श्रीरामपूर
जिल्हा=अहमदनगर
#जिल्हा=अहमदनगर चाचणी
महाविद्यालय=अहमदनगर कॉलेज
साठवण=/माहिती/अहमदनगर/नोंदी
मुद्रक=192.168.1.1

आपल्याला जिल्ह्याचे नाव बदलायचे आहे. या लेखात आज्ञांची अक्षरेही नागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत टंकायची असतात.

ग्रेप आणि सेड

नमुन्याने मजकूर ओळखण्याची कल्पना गणितातून आली. स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अक्षरमालिकांचे वर्णन करण्याची एक बीजगणिती पद्धत मांडली. नमुन्यातला ‘*’ म्हणजे ‘आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा’, ही खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६८ मध्ये बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सन यांनी अशा नमुन्याचे रूपांतर वेगवान शोधयंत्रात कसे करायचे ते दाखवले आणि आपल्या मजकूर-संपादकात ते वापरले. त्यातूनच पुढे युनिक्सवर ‘ग्रेप’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम आला. नमुना दिला की तो बसणाऱ्या सगळ्या ओळी ग्रेप दाखवतो.

त्याच प्रयोगशाळेतले ली मॅकमहन अमेरिकेच्या इतिहासातल्या ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या १७८७–८८ च्या ८५ निबंधांपैकी वादातले निबंध कोणी लिहिले, याचा मजकुराच्या आधारे अभ्यास करत होते. तो सगळा मजकूर त्या काळच्या संपादकात एका वेळी मावत नव्हता. या गरजेतूनच ग्रेप स्वतंत्र झाला, असे त्यांचे सहकारी ब्रायन कर्निहान यांनी सांगितले आहे. पुढे १९७३–७४ च्या सुमारास मॅकमहन यांनी ‘सेड’ लिहिला. सेड फाइल उघडून बसत नाही. एक ओळ वाचतो, तिच्यावर आज्ञा चालवतो, निकाल बाहेर टाकतो आणि पुढची ओळ घेतो. म्हणून फाइल कितीही मोठी असली तरी त्याला फरक पडत नाही. आज प्रत्येक लिनक्स आणि मॅक संगणकावर हे दोन्ही प्रोग्रॅम आधीपासून असतात.

सेडची सर्वांत जास्त वापरली जाणारी आज्ञा अशी असते:

एस/जुना नमुना/नवा मजकूर/

एका ओळीत नमुना अनेकदा आला तरी ही आज्ञा पहिलाच बदलते. सगळे बदलायचे तर शेवटच्या तिरप्या रेघेनंतर ‘जी’ लिहावा लागतो.

चारांतली एकच ओळ

आता आपल्या फाइलीवर सरळ ‘एस/अहमदनगर/अहिल्यानगर/’ चालवले तर? चार ओळी बदलतील. त्यांतली एकच बदलायला हवी होती.

टीप असलेली ओळ बदलली तर नुकसान नाही, पण जुनी नोंद पुसली जाते. ‘अहमदनगर कॉलेज’ हे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे नाव आहे. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून संस्थेचे नाव आपोआप बदलत नाही, ते बदलण्याचा अधिकार आपल्या आज्ञेला नाही. ‘साठवण’ ही ओळ सर्वांत धोक्याची. तिथे अहमदनगर हे एका फोल्डरचे नाव आहे. डिस्कवरचा फोल्डर जुन्याच नावाचा राहिला आणि सेटिंगमध्ये नाव नवे झाले, तर प्रोग्रॅम अस्तित्वात नसलेल्या जागी नोंदी शोधेल. कार्यालयात दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सगळा डेटा गेला’ म्हणून घबराट उडेल. डेटा जिथल्या तिथेच असेल. चुकलेला असेल तो पत्ता.

म्हणून नमुन्यात शब्दाइतकीच त्याची जागाही सांगायची असते. नमुन्यातले ^ हे चिन्ह म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे ओळीचा शेवट, एकटा टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. मग आज्ञा अशी होते:

एस/^जिल्हा=.*$/जिल्हा=अहिल्यानगर/

म्हणजे: जी ओळ ‘जिल्हा=’ ने सुरू होते तीच घे, समान चिन्हापुढे काहीही असो, पूर्ण ओळ नव्याने लिही. # ने सुरू होणारी ओळ सुटली, कॉलेज सुटले, फोल्डर सुटला. ‘जिल्हाकोड=’ अशी सेटिंग असती तर तीही सुटली असती, कारण समान चिन्ह आपण नमुन्यात धरले आहे. कोणी समान चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा सोडली असेल, तर त्या जागी रिकामी जागा आणि तिच्यापुढे * लिहून तीही सामावून घेता येते.

सगळे उल्लेख बदलायचे पण काही ओळी वगळायच्या असतील तर सेडमध्ये उलटी अटही घालता येते. ‘/कॉलेज/!’ असे आधी लिहिले की कॉलेज शब्द असलेल्या ओळी सोडून बाकी ओळींवरच पुढची आज्ञा चालते. इतिहासाच्या मजकुराला तर ही काळजी फारच लागते. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात ज्या किल्ल्यात बंदिवान होते आणि जिथे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, तो त्या काळी अहमदनगरचा किल्ला होता. जुन्या पत्रव्यवहारात, ग्रंथसूचीत आणि अवतरणांत ते नाव तसेच राहिले पाहिजे.

बेलापूर किती?

जिल्ह्याकडून गावाकडे येऊ. फाइलींत ‘बेलापूर’ शोधा म्हटले तर काय काय सापडेल?

श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर बुद्रुक आहे आणि बेलापूर खुर्द आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरचे श्रीरामपूर शहराचे स्थानक रेल्वेच्या नोंदीत बेलापूर या नावाने ओळखले जात आले आहे; म्हणजे ‘स्थानक=बेलापूर’ असे लिहिले असेल तर ते बेलापूर गाव नव्हे. आणि राज्यभरच्या यादीत सर्वांत जास्त वेळा भेटेल ते नवी मुंबईतले सीबीडी बेलापूर, जिथे सिडको भवन आणि कोकण रेल्वेचे मुख्यालय आहे. नुसता ‘बेलापूर’ हा नमुना या सगळ्यांना एकच मानतो.

इथे शेजारची माहिती उपयोगी पडते. सीबीडी बेलापूरचा पिनकोड ४००६१४ आहे, तर श्रीरामपूर परिसरातले पिनकोड ४१३ ने सुरू होतात. एकाच ओळीत गाव आणि पिनकोड दोन्ही असतील, तर नमुना असा करता येतो: बेलापूर.*413[0-9][0-9][0-9]. चौकटी कंस म्हणजे ‘यांपैकी कोणतेही एक’. मात्र हा नमुना फक्त इंग्रजी अंक ओळखतो. कोणी पिनकोड मराठी अंकांत टंकला असेल तर तो निसटतो. त्यासाठी [०-९] असा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

बोलताना आपण जिल्ह्याला नुसते ‘नगर’ म्हणतो. हा शब्द नमुना म्हणून दिला तर प्रवरानगर, छत्रपती संभाजीनगर आणि नव्याने झालेले अहिल्यानगरही जाळ्यात येते. नमुना जितका आखूड, तितकी त्याची पकड सैल.

उकाराचा प्रश्न

मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन-नियमांप्रमाणे गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा: नागपूर, सोलापूर, बेलापूर. हिंदीत मात्र तो ऱ्हस्व असतो, आणि महाराष्ट्रातल्या रेल्वेच्या पाटीवर मराठी व हिंदी दोन्ही नावे येतात. शिवाय मराठीतच विभक्ती लागली की उकार बदलतो: ‘बेलापूरला’ जातो, पण ‘बेलापुरात’ राहतो. दीर्घ उकाराचा नमुना ‘बेलापुरात’ हा शब्द ओळखणार नाही. म्हणून चौकटी कंसात दोन्ही उकार घालून ‘बेलाप[ुू]र’ असा नमुना करावा लागतो.

यामागे संगणकाचा हिशेब आहे. आपण ‘बेलापूर’ वाचतो तेव्हा चार अक्षरे दिसतात: बे, ला, पू, र. युनिकोडमध्ये मात्र ती सात चिन्हे आहेत: ब, मात्रा, ल, काना, प, उकार, र. सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक नागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे या नावाचे २१ बाइट. नमुन्यातला टिंब सात चिन्हांतले एक घेईल की २१ बाइटांतला एक, हे संगणकाच्या ‘लोकेल’ या भाषाविषयक सेटिंगवर ठरते. लोकेल जुन्या, फक्त इंग्रजी पद्धतीचे असेल तर चौकटी कंसातला उकार तीन तुकड्यांत फुटतो आणि नमुना काहीच ओळखत नाही.

योगायोगाने लोकेल सुरू करणे हेच नमुन्याने सेटिंग बदलण्याचे एक उत्तम आणि खरे उदाहरण आहे. डेबियन कुळातल्या लिनक्सवर ‘/ईटीसी/लोकेल.जेन’ या फाइलीत जगभरच्या भाषांची यादी असते. मराठीची ‘एमआर_आयएन’ ही ओळही तिथे असते, पण सहसा # मागे, बंद. सेडने ‘^# *एमआर_आयएन’ हा नमुना शोधायचा, # काढून ओळ परत लिहायची आणि मग ‘लोकेल-जेन’ चालवायचे. संगणकाला मराठी येऊ लागते.

सुटा शब्द ओळखण्यासाठी अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत ‘शब्दाची सीमा’ अशी खूण असते. नागरीसाठी तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. पायथन भाषेच्या मूळ नमुनायंत्रात काना, मात्रा, उकार ही शब्दाची अक्षरे धरली जात नाहीत, त्यामुळे शब्दाच्या मधोमध ‘सीमा’ सापडते. मराठी मजकुरात आजूबाजूची चिन्हे, म्हणजे मोकळी जागा, स्वल्पविराम, समान चिन्ह, स्वतः सांगणे जास्त भरवशाचे.

नावाच्या लांबीचाही विचार हवा. अहमदनगरची सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. अहिल्यानगरची दहा, म्हणजे ३० बाइट. ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये नावासाठी २५ बाइटांचीच जागा राखली असेल, तिथे नवे नाव मध्येच तुटेल.

टिंब, कंस आणि दुसरी फेरी

इंग्रजी आणि अंकांच्या सेटिंगमध्येही फसगत होते. मुद्रकाचा पत्ता 192.168.1.1 हा जसाच्या तसा नमुना म्हणून दिला, तर टिंब ‘कोणतेही चिन्ह’ असल्याने 192.168.121.5 या पत्त्याचाही पहिला भाग त्यात बसतो. टिंबाला टिंबच समजायचे असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची: 192\.168\.1\.1. एवढ्यानेही 192.168.1.10 किंवा 192.168.1.150 सुटत नाहीत, कारण त्यांची सुरुवात तशीच आहे. शेवटी $ लावले की काम पक्के होते.

फाइलीत विभाग असतील तर एकच नाव दोनदा येते:

[मुद्रक]
पोर्ट=9100
[माहितीसाठा]
पोर्ट=5432

फक्त दुसरा पोर्ट बदलायचा तर सेडला आधी हद्द सांगता येते: ‘/^\[माहितीसाठा\]/,/^\[/’. म्हणजे त्या मथळ्यापासून पुढच्या मथळ्यापर्यंतच. चौकटी कंसाला नमुन्यात वेगळा अर्थ असल्याने त्यालाही उलटी रेघ लागते.

आज्ञा चुकून दोनदा चालली तर काय होईल, हेही आधी पाहावे. एखाद्या यादीत नुसते ‘संभाजीनगर’ लिहिले आहे म्हणून त्याचे ‘छत्रपती संभाजीनगर’ केले. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने तीच आज्ञा पुन्हा चालवली, की ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ होते, कारण नव्या मजकुरात जुना नमुना शिल्लक आहे. याउलट ‘^जिल्हा=.*$’ ही आज्ञा शंभर वेळा चालवली तरी निकाल एकच. सेटिंगसाठी नेहमी अशीच आज्ञा रचावी.

मूळ फाइल सांभाळणे

सेड स्वतःहून मूळ फाइलीला हात लावत नाही. बदललेला मजकूर पडद्यावर दाखवतो. हा मोठा आधार आहे. निकाल पाहावा, पटला तरच पुढे जावे. ‘-आय’ हा पर्याय दिला की बदल फाइलीत उतरतो. ‘-आय.बॅक’ असे लिहिले तर जुनी फाइल त्या शेपटीसह बाजूला राहते. मॅकवरच्या सेडला ‘-आय’ नंतर ही शेपटी द्यावीच लागते, नको असेल तर रिकामी तरी.

सेडचा निकाल ‘>’ या खुणेने त्याच फाइलीत वळवण्याचा मोह कधीही धरू नये. सेड वाचायला लागण्याआधीच शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल रिकामी करतो आणि हातात शून्य बाइट उरतात.

लिनक्सवर ‘-आय’ खरे तर नवी फाइल लिहून ती जुन्या फाइलीच्या नावावर ठेवते. सेटिंगची फाइल दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारी नुसती कडी असेल, तर कडी नाहीशी होऊन तिथे सुटी प्रत तयार होते आणि मूळ फाइल न बदलता राहते. वेब सर्व्हरच्या फाइलींत अशा कड्या नेहमीच्या असतात.

विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा चिन्ह असते. ‘अहमदनगर$’ हा नमुना तिथे हटकून फसतो आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. नमुना बरोबर असूनही ओळ सापडत नसेल तर पहिली शंका याच चिन्हाची घ्यावी.

बदलानंतर जुनी आणि नवी फाइल ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने ताडून पाहावी. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, दूरच्या संगणकाशी जोडणी देणारा एसएसएच यांसारख्या सर्व्हरना आपली सेटिंग नीट आहे का हे सुरू होण्याआधी तपासण्याची सोय असते, ती वापरावी. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचची सेटिंग बदलताना चालू जोडणी बंद करू नये. नवी जोडणी लागते हे पाहिल्यावरच जुनी सोडावी.

कुठे वापरू नये

ओळ म्हणजे एक सेटिंग, असे जिथे आहे तिथे सेड शोभतो. जेसन किंवा एक्सएमएलमध्ये एकच माहिती एका ओळीत किंवा दहा ओळींत लिहिली तरी अर्थ सारखाच असतो, आणि यामलमध्ये डावीकडची मोकळी जागाच अर्थ ठरवते. तिथे ओळींवर चालणारा नमुना रचना मोडू शकतो. अशा फाइलींसाठी त्यांची रचना समजणारे प्रोग्रॅम आहेत, जेसनसाठी ‘जेक्यू’, तेच वापरावेत.

जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था आणि सेवा केंद्रांत संगणक सांभाळणारी तरुण मुले-मुली आज हे काम हाताने करत आहेत. त्यांना कोणतेही महाग सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नाही. ग्रेप आणि सेड फुकट आहेत आणि एका आठवड्यात कामापुरते शिकता येतात. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत ते मराठी मजकुरावर, आपल्याच गावांच्या नावांवर शिकवले पाहिजेत, कारण इंग्रजी पुस्तकातल्या उदाहरणांत उकार, काना आणि बुद्रुक-खुर्द भेटत नाहीत. शिकवताना क्रमही पक्का करून घ्यावा: प्रत काढा, ग्रेपने शोधा आणि सापडलेली प्रत्येक ओळ वाचा, नमुना नेमका करा, सेडचा निकाल पडद्यावर पाहा, मग फाइल बदला, डिफने ताडा आणि सर्व्हरकडून तपासून घ्या. यातली शोधण्याची आणि वाचण्याची पायरी कोणीही, कितीही घाईत, गाळू नये.